देवमाणूस नव्हे, डॉक्टर

परळ-लालबागच्या कोणत्याही घरात रुग्णालयाचा विषय काढा, दोन वाक्ये हमखास ऐकायला मिळतात. पहिले असे की पालिकेच्या रुग्णालयात डॉक्टर हुशार असतात, पण तिथे माणुसकीची अपेक्षा ठेवू नये. दुसरे वाक्य बरेचदा तोच माणूस पाच मिनिटांनी बोलतो: आमच्या आईच्या वेळी मात्र जो डॉक्टर होता तो देवमाणूस! मग तो सांगू लागतो. रात्री दोन वाजता स्वतः येऊन सलाईनची सुई बघून गेला. ऑपरेशनमध्ये काय करणार ते केसपेपरच्या मागच्या बाजूला चित्र काढून समजावले. आजी मालवणीत बोलते हे कळल्यावर मालवणीतच दोन शब्द बोलला. सुट्टी देताना गोळ्यांच्या वेळा नुसत्या सांगितल्या नाहीत, तिच्याकडून वदवून घेतल्या.

ही दोन वाक्ये एकमेकांशी भांडतात हे बोलणाऱ्याला जाणवत नाही, कारण दुसरे त्याने अपवादाच्या खात्यात टाकलेले असते. पण गिरगावातल्या, दादरच्या, लालबागच्या इतक्या घरांत हा अपवाद साठलेला असेल, तर नियमच एकदा तपासून पाहायला हवा. माझे म्हणणे असे आहे की पहिले वाक्य चुकीचे आहे आणि दुसरेही. रुग्णालयातला डॉक्टर आस्थेने वागतो तेव्हा तो आपल्या कामाच्या बाहेर जाऊन काही देत नसतो. तो आपले कामच नीट करत असतो. आणि ते काम नीट व्हायचे की नाही, हे त्याच्या हृदयापेक्षा त्याच्या भोवतालच्या व्यवस्थेवर कितीतरी अधिक अवलंबून असते. हे मान्य केले की तक्रारही बदलते आणि कौतुकही.

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे. तो दुबळा नाही.

केईएम रुग्णालयात सुमारे १८०० खाटा आहेत आणि वर्षाला बाह्यरुग्णांची संख्या लाखांत मोजावी लागते. सकाळी केसपेपरच्या रांगेत उभा राहिलेला माणूस दुपारी डॉक्टरसमोर पोचतो तेव्हा त्याच्या मागे आणखी शंभर जण असतात. वॉर्डात खाटा भरल्या की दोन खाटांच्या मधे जमिनीवर गाद्या पडतात. २०१७ साली 'बीएमजे ओपन' या नियतकालिकात ६७ देशांतल्या तपासणीच्या वेळेची तुलना आली होती. स्वीडनमध्ये डॉक्टर एका रुग्णाला सरासरी २२ मिनिटांहून अधिक वेळ देतो, बांगलादेशात ४८ सेकंद. भारताचा आकडा दोन मिनिटांच्या आसपास होता. इतक्या वेळात विचारपूस कुठली व्हायची?

पैशाच्या मुद्द्याला तर थेट पुरावा आहे. जिष्णू दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशात एक अभ्यास केला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण दिलेली माणसे रुग्ण बनून दवाखान्यांत गेली, ठरवून दिलेली लक्षणे सांगितली आणि डॉक्टरने काय विचारले, काय तपासले याची नोंद केली. त्यात काही डॉक्टर असे होते जे सकाळी सरकारी केंद्रात बसत आणि नंतर स्वतःच्या खासगी दवाखान्यात. तोच डॉक्टर, तेच दुखणे. पण खासगीत तो रुग्णाला अधिक वेळ देई, अधिक प्रश्न विचारी. पूर्वपक्षाला यापेक्षा भक्कम पुरावा मिळणे अवघड.

याला जोडून आणखी दोन गोष्टी बोलल्या जातात. सुशिक्षित घरांत म्हणतात की भावनेत गुंतलेल्या डॉक्टरचा हात थरथरतो, तेव्हा थोडा कोरडेपणा बराच. या म्हणण्यामागे विल्यम ऑस्लरसारखे मोठे नाव उभे करता येते. १८८९ साली पेन्सिल्व्हेनियाच्या विद्यार्थ्यांना निरोप देताना केलेल्या भाषणात त्यांनी वैद्याच्या अविचल वृत्तीची थोरवी गायली होती. आणि जुन्या गिरगावात वाढलेले लोक फॅमिली डॉक्टरची आठवण काढतात. कंपाउंडरने बाटलीवर कागदाची पट्टी कातरून लावलेले मिक्श्चर, तीन पिढ्यांची नाडी ओळखणारे डॉक्टर, रात्री चाळीचे तीन जिने चढून आलेले डॉक्टर. तो काळ गेला आणि त्याबरोबर आपुलकीही गेली, असा त्या आठवणींचा निष्कर्ष असतो.

आता एकेक घेऊ.

वेळेचा मुद्दा सर्वांत पटण्याजोगा वाटतो, म्हणून तोच आधी. डॉक्टरला वेळ नाही म्हणून तो ऐकत नाही, असे आपण धरून चालतो. १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकल या दोघांनी तपासणीच्या खोलीतली संभाषणे ध्वनिमुद्रित करून मोजली. रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होता. ही खोली अमेरिकेतली होती, तिथे परळसारखी रांग नव्हती. म्हणजे वेळ असूनही न ऐकणे शक्य आहे. पुढे स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे उलटा प्रयोग झाला. डॉक्टरांना सांगितले की रुग्ण स्वतःहून थांबेपर्यंत मधे बोलू नका, आणि गुपचूप घड्याळ लावा. ३३५ रुग्णांची सरासरी निघाली ९२ सेकंद. जवळजवळ ७८ टक्के लोकांचे सांगणे दोन मिनिटांच्या आत संपले होते. 'याला बोलू दिले तर हा दुपार घालवेल' ही डॉक्टरांची धास्ती आकड्यांत उतरली नाही.

कॅन्सास विद्यापीठाच्या रुग्णालयात आणखी एक साधा प्रयोग झाला आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. शस्त्रक्रियेनंतर राऊंडला आलेला सर्जन काही रुग्णांशी उभ्याने बोलला, काहींशी बसून. प्रत्यक्षात बसून घालवलेला वेळ उभ्याने घालवलेल्या वेळेपेक्षा जास्त नव्हता. पण तो बसला त्या रुग्णांना वाटले की डॉक्टर आपल्यापाशी बराच वेळ होता, आणि आपल्या आजाराची त्याला नीट कल्पना आहे. १९९९ साली स्तनाच्या कर्करोगातून बाहेर पडलेल्या स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात सल्लामसलतीच्या दोन चित्रफिती दाखवल्या गेल्या. एकीत डॉक्टरच्या तोंडी सुमारे ४० सेकंदांची धीराची वाक्ये जास्त होती. ती फीत पाहणाऱ्या स्त्रियांची चिंता मोजण्याइतकी कमी झाली.

तेव्हा 'वेळ आहे तिथे आस्था, वेळ नाही तिथे आस्था नाही' हा संबंध अन्वयानेही टिकत नाही आणि व्यतिरेकानेही. वेळ असून आस्था नसलेली उदाहरणे आहेत, आणि वेळ नसतानाही आस्था दिसते याची उदाहरणे परळच्या घराघरांत आहेत.

इथे एक इशारा द्यायलाच हवा, नाहीतर हाच युक्तिवाद उद्या एखाद्या अंदाजपत्रकाच्या बैठकीत वापरला जाईल: चाळीस सेकंद पुरतात ना, मग रिक्त पदे कशाला भरायची? दोन मिनिटांची तपासणी ही लाजिरवाणीच गोष्ट आहे. दोन मिनिटांत दुखणे ऐकता येते. ते तपासणे, चाचणीचा निकाल समजावणे आणि घरी गेल्यावर काय करायचे ते सांगणे त्यात बसत नाही. माझा मुद्दा इतकाच की वेळ कमी आहे म्हणून आस्था अशक्य आहे, असे म्हणणे डॉक्टरलाही सोयीचे आहे आणि प्रशासनालाही, आणि ते खरे नाही.

आता पैसा. मध्य प्रदेशच्या अभ्यासाला मी बगल देणार नाही. उलट तो माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे असे मला वाटते. सकाळी सरकारी केंद्रात पाट्या टाकणारा आणि दुपारी खासगीत मन लावून तपासणारा डॉक्टर एकच होता. दुपारपर्यंत त्याचे हृदय बदलले नव्हते, शिक्षण बदलले नव्हते. बदलली होती ती कामाची बांधणी: रुग्ण परत येईल की नाही याची फिकीर, आपण काय केले हे कोणी पाहते की नाही, वाईट वागल्याचे काही परिणाम होतात की नाही. म्हणजे आस्था स्वभावातून येत असेल, पण ती बाहेर पडते व्यवस्थेच्या वाटेने. खासगी फी ही त्या वाटांपैकी एक झाली. ती एकमेव आहे असे त्या अभ्यासातून निघत नाही, आणि तसे मानणाऱ्यांनी परळमध्येच काय घडले ते पाहावे.

केईएमच्या चार नंबर वॉर्डालगतच्या खोलीत अरुणा शानबाग ४१ वर्षांहून अधिक काळ होत्या. त्या याच रुग्णालयात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी इथेच त्यांच्यावर हल्ला झाला आणि मेंदूला झालेल्या इजेतून त्या कधीच परतल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. दयामरणाच्या याचिकेमुळे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने तीन डॉक्टरांची समिती नेमून त्यांची तपासणी करवली, आणि ७ मार्च २०११ च्या निकालपत्रात केईएमच्या कर्मचाऱ्यांनी घेतलेल्या काळजीबद्दल मोकळेपणाने लिहिले. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या शरीरावर एक शय्याव्रण नाही, याची नोंद झाली. त्यांच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर न्यायालयाने याचिका करणाऱ्या लेखिकेपेक्षा रुग्णालयातल्या या माणसांचा हक्क वरचा मानला.

शय्याव्रण नसणे म्हणजे काय, हे ज्याने घरी अंथरुणावरच्या माणसाची सेवा केली आहे त्याला विचारा. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, त्वचा कोरडी ठेवायची, भरवायचे, पुसायचे, दिवसा आणि रात्री, सणावारी, संपाच्या दिवशीही. यात फी नव्हती. रुग्ण बरा होण्याची आशा नव्हती. 'धन्यवाद' म्हणणारा आवाजही नव्हता.

पूर्वपक्ष म्हणेल की त्या त्यांच्यातल्याच एक होत्या, म्हणून. पहिल्या काही वर्षांपुरते हे खरे मानू. पण एका पिढीची परिचारिका निवृत्त होते आणि जिने अरुणाताईंना कधी चालता-बोलताना पाहिलेलेच नाही ती मुलगी कामावर येते. पुढे तर १९७३ नंतर जन्मलेल्या मुली आल्या. डॉक्टर बदलले, अधिष्ठाते बदलले. मैत्री वारशाने देता येत नाही. वॉर्डाची शिस्त देता येते. चार नंबरमध्ये कूस बदलायची असते, हे नवीन आलेल्या मुलीला जुनी सिस्टर शिकवते, आणि ती शिकते. ज्या रुग्णालयाच्या आवारात तो भयंकर गुन्हा घडला, ज्या रुग्णालयाने तेव्हा आपल्या परिचारिकेचे रक्षण केले नाही, त्याच रुग्णालयाने ही शिस्त चार दशके चालवली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांतली एक सांगताना दुसरी गाळणे मला जमणार नाही.

हे परळमध्ये घडले यालाही इतिहास आहे. सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय १९२५-२६ मध्ये उभे राहिले, ते एका अटीवर: देणगीदारांच्या विश्वस्तांनी घातलेली अट होती की इथे भारतीय डॉक्टरच नेमले जावेत. त्या वेळी ग्रँट मेडिकल कॉलेजात वरच्या जागा बहुतांश इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असत. केईएमची सुरुवातीची अनेक वर्षे अधिष्ठातापद सांभाळणारे डॉ. जीवराज मेहता पुढे १९६० साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. गिरण्यांच्या भोंग्यावर जगणाऱ्या वस्तीत, आपल्या माणसांनी आपल्या माणसांसाठी चालवलेले रुग्णालय, ही त्या संस्थेची मूळ कल्पना. डॉ. रवी बापटांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला 'वॉर्ड नं. पाच, केईएम' हे नाव दिले. आयुष्यभर शस्त्रक्रिया केलेला, पुढे आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा कुलगुरू झालेला माणूस आपली ओळख एका पालिका रुग्णालयाच्या वॉर्डाच्या क्रमांकाने सांगतो, यावरून त्या वॉर्डाने त्याला घडवले असावे असे मला वाटते.

आणि मग स्वभाव. देवमाणसाची कल्पना इथे येते. डॉ. अर्नेस्ट बोर्जेस हे नाव परळच्या रस्त्यावर कोरलेले आहे. टाटा रुग्णालयाचा पत्ताच तो आहे. मूळचे गोव्याचे हे शल्यविशारद १९६९ साली गेले, आणि गरीब रुग्णांनी त्यांना देवदूताच्या जागी ठेवले होते. अशी माणसे असतात हे कोण नाकारेल? पण टाटामध्ये आज परभणीहून किंवा बिहारमधल्या गावाहून आलेल्या रुग्णाला जे मिळते ते बोर्जेससाहेबांच्या स्वभावावर अवलंबून ठेवले असते तर त्यांच्याबरोबरच संपले असते.

कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतल्या वेदनेचे उदाहरण घ्या. डॉक्टर कितीही प्रेमळ असो, त्याच्या हाती मॉर्फीन नसेल तर त्याचे प्रेम रुग्णाच्या हाडात शिरलेल्या वेदनेपर्यंत पोचत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे असे जाळे विणले की देशभर रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडून दिले; तो कायदा सुधारायला २०१४ साल उजाडले. या मधल्या काळात किती कनवाळू डॉक्टर हतबल होऊन खाटेशेजारी उभे राहिले असतील! १९८६ साली टाटाचे सर्जन डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या पुढाकाराने वांद्र्याला 'शांती आवेदना सदन' सुरू झाले, असाध्य रुग्णांसाठीचे देशातले पहिले शुश्रूषागृह. २०१२ साली टाटामध्ये वेदनाशामक शुश्रूषेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला, तोही देशात पहिला. वेदना कशी मोजायची, मरण जवळ आले आहे हे कुटुंबाला कसे सांगायचे, काय बोलायचे आणि कधी गप्प बसायचे, हे आता तिथे शिकवले जाते आणि त्याची परीक्षा होते. करुणेची परीक्षा घेता येते हे ऐकून कोणाला विचित्र वाटेल. मला ती या शहरातल्या वैद्यकाची मोठी कमाई वाटते.

टाटाच्या बाहेर पदपथावर मुक्काम करणारी कुटुंबे सर्वांनी पाहिली आहेत. लहान मुलाची केमोथेरपी महिनोन्महिने चालते आणि राहायला छप्पर नाही, म्हणून आईबाप उपचार अर्धवट सोडून गावी निघून जातात. डॉक्टरने कितीही गोड बोलून ते थांबत नाहीत; त्यांना खोली हवी असते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती आणि २००६ पासून मुलांसाठी काम करणारी सेंट ज्यूड ही संस्था या खोल्या देतात. टाटाने रुग्णांना या इमारतीतून त्या इमारतीत, या खिडकीवरून त्या खिडकीवर वाट दाखवणाऱ्या माणसांसाठी अभ्यासक्रम काढला आणि त्याला नाव दिले 'केवट'. रामाला गंगेपार नेणारा नावाडी आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. परक्या शहरात फाईल धरून उभ्या असलेल्या शेतकऱ्याला नेमका तोच हवा असतो.

शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाचे उदाहरण याहून बोलके आहे. नवजात विभागात मुदतीपूर्वी जन्मलेली, हाताच्या तळव्यावर मावतील एवढी बाळे असत आणि वरच्या दुधातून जंतुसंसर्ग होई. त्या विभागाच्या प्रमुख डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली तिथे मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. ज्या आईला दूध जास्त आहे तिचे दूध घेऊन, ते निर्जंतुक करून, ज्या बाळाची आई आजारी आहे किंवा गेली आहे त्याला द्यायचे. कल्पनेमागे जिव्हाळा होता हे उघड आहे. पण तो शीतपेटीत, नोंदवहीत आणि परिचारिकांच्या पाळ्यांत उतरवला गेला, म्हणून पुढे आलेल्या प्रत्येक बाळाला मिळाला, डॉक्टर कोणीही असो.

जिव्हाळा शिकवता येतो का, या शंकेला वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात उत्तर मिळाले. २००० साली पालिका आणि 'सेहत' ही संशोधन संस्था यांनी मिळून तिथे 'दिलासा' केंद्र काढले. घरात मारहाण झालेली बाई अपघात विभागात येते आणि 'जिन्यावरून पडले' म्हणते. पूर्वी टाके घालून तिला घरी पाठवत. 'दिलासा'मध्ये डॉक्टर-परिचारिकांना शिकवले गेले की जखमेची जागा आणि सांगितलेले कारण जुळते का ते पाहा, नवऱ्याला बाहेर बसवा, तिला एकटीला विचारा, आणि तिने सांगितले तर पुढे काय करायचे ते इथे आहे. भाभाची ही पद्धत नंतर पालिकेच्या इतर रुग्णालयांतही गेली. ते डॉक्टर आधी निष्ठुर होते असे मुळीच नाही. विचारून करायचे काय, हे त्यांना ठाऊक नव्हते म्हणून ते विचारत नव्हते. उत्तर देण्याची सोय नसली की माणूस प्रश्न विचारायचे टाळतो, आणि रुग्णाला तो कोरडा वाटतो. पालिका रुग्णालयांतल्या कोरडेपणाचा मोठा हिस्सा याच जातीचा आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

सगळा हिस्सा नव्हे. प्रसूतिकक्षात कळा देणाऱ्या बाईला ओरडणे, टोमणे मारणे, क्वचित हात उगारणे हे घडते, आणि त्याला गर्दीचे कारण देता येणार नाही. केंद्र सरकारला २०१७ साली 'लक्ष्य' कार्यक्रमात बाळंतिणीला सन्मानाने वागवा असे लेखी सांगावे लागले, ते उगाच नाही. अशा वागण्याला शिक्षा हवी. ज्यांना रुग्णालयाने अपमानित केले आहे त्यांच्या अनुभवाला मी खोटे म्हणत नाही. माझा वाद त्या अनुभवावरून काढलेल्या निष्कर्षाशी आहे: 'इथे असेच असते.' असेच असते म्हटले की तक्रार करण्याचे कारणच उरत नाही, आणि टोमणे मारणाऱ्याला त्याहून मोठे अभय कुठले?

ऑस्लरचा आधार घेणाऱ्यांनी तो माणूस पुरता पाहावा. व्याख्यानाच्या दालनातून विद्यार्थ्यांना उठवून खाटेशेजारी नेणारा, रुग्णाकडूनच वैद्यक शिकावे लागते असे मानणारा हा शिक्षक होता. अविचल राहणे म्हणजे संकटात गडबडून न जाणे. दूर राहणे ही वेगळी गोष्ट. शिवाय काळजीपूर्वक ऐकणे हा निदानाचाच भाग आहे. छातीत दुखते असे सांगणाऱ्या गिरणी कामगाराचे पुढचे वाक्य ऐकले तर कळते की दुखणे जिना चढताना येते आणि बसले की जाते. ते वाक्य तोडले तर ॲसिडिटीची गोळी देऊन तो घरी जातो. अशा वेळी आस्था आणि कौशल्य वेगळे काढून दाखवता येणार नाहीत.

गिरगावच्या फॅमिली डॉक्टरविषयी मला आदर आहे आणि त्याच्या आठवणी खऱ्या आहेत. पण त्या आठवणींत काय नाही, तेही पाहावे. त्या काळी कर्करोग झालेल्या माणसाला त्याच्या आजाराचे नाव बहुधा सांगितले जात नसे. डॉक्टर आणि थोरला मुलगा दाराआड बोलत आणि ज्याचे शरीर त्यालाच अंधारात ठेवत. बाईचे दुखणे सासूच्या तोंडून ऐकले जाई. आणि डॉक्टरला घरी बोलावण्याची ऐपत किंवा ओळख नसलेल्या खोल्याही त्याच चाळींत होत्या. आज टाटामध्ये रुग्णाच्या डोळ्यात पाहून खरे सांगायला शिकणारा पंचविशीतला डॉक्टर त्या पिढीपेक्षा काहीतरी अवघड करतो आहे.

त्या पंचविशीतल्या डॉक्टरपाशी थोडे थांबायला हवे, कारण देवमाणसाच्या कल्पनेचा मार त्यालाच बसतो. १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत म्हटले आहे की निवासी डॉक्टरला सामान्यतः आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा जास्त काम असू नये. मुंबईच्या कोणत्याही निवासी डॉक्टरला हे वाचून दाखवा आणि त्याचा चेहरा पाहा. तीस तास जागा असलेला मुलगा किंवा मुलगी अतिदक्षता विभागाच्या दाराशी, स्ट्रेचर आणि पाणी भरायला निघालेल्या नातेवाइकांच्या मधे उभे राहून, 'पेशंट गेला' असे सांगते. युनिटमधला सर्वांत लहान माणूस, सर्वांत अवघड वाक्य, सर्वांत वाईट जागा. मग हात उगारला जातो. महाराष्ट्रात डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१० साली कायदा झाला, तरी मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या हल्ल्यानंतर राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले होते. त्यांना शिकवण्यासाठी २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा भाग आला आहे, ही चांगली गोष्ट. पण जो वर्गात शिकतो की बसून, शांत जागी, नातेवाइकांना वेळ देऊन वाईट बातमी सांगावी, त्याला वॉर्डात ना खुर्ची आहे, ना शांत जागा.

म्हणून मला रुग्णांच्या कृतज्ञतेविषयीही काही म्हणायचे आहे. डिस्चार्जच्या दिवशी पेढे वाटणे, पायाला हात लावणे, 'तुम्ही देव आहात' म्हणणे यातली भावना मला मोठी वाटते. फक्त तिने त्या डॉक्टरला देव्हाऱ्यात नेऊन बसवले की त्याच्या शेजारच्या युनिटने तसेच का वागू नये, हा प्रश्न कोणी विचारत नाही. त्याऐवजी अधिष्ठात्यांना पत्र लिहावे आणि त्यात नेमके लिहावे: अमुक युनिटच्या डॉक्टरने शस्त्रक्रियेआधी चित्र काढून समजावले, गोळ्यांच्या वेळा वदवून घेतल्या, मृत्यूची बातमी खोलीत बसवून सांगितली. असे पत्र तक्रारीपेक्षाही उपयोगी आहे, कारण ते दाखवते की याच खाटा, याच गर्दीत हे जमते. मग जिथे ते होत नाही तिथे गर्दीचे कारण सांगता येणार नाही.

केईएमने नुकताच शंभरीचा टप्पा गाठला आहे, आणि अशा प्रसंगी नव्या इमारती, नवी यंत्रे यांच्या घोषणा होतात, त्याही हव्यात. त्यांच्याबरोबर पालिकेने आपल्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात तीन गोष्टी कराव्यात: दर वॉर्डात डॉक्टरला रुग्णापाशी बसता येईल अशी स्टुले, वाईट बातमी सांगण्यासाठी दार बंद होणारी एक खोली, आणि निवासी डॉक्टरांच्या ड्युटीचे तास दर महिन्याला सूचनाफलकावर. पूर्वपक्षाची शेवटची हरकत खर्चाची असेल. स्टुलांना आणि एका खोलीला फार खर्च येत नाही. तासांचा फलक महाग पडेल हे खरे, कारण तो लावला की किती डॉक्टर कमी आहेत ते सर्वांना दिसेल आणि ती पदे भरावी लागतील. हा खर्च शहराने आजवर तिशी न गाठलेल्या मुलामुलींच्या झोपेतून आणि रुग्णांच्या वाट्याला आलेल्या कोरडेपणातून वसूल केला आहे. तो आता अंदाजपत्रकात यावा.